समुद्राकाठचा चौथरा

माझा पाय मोडला नसता, तर बाबा समुद्राच्या गावी कधी आलेच नसते.

मी तेव्हा कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या गावात हिंदी शिकवत होते. मध्य प्रदेशातल्या तिरोडीची मुलगी इतक्या लांब येऊन हिंदी शिकवते, याची तिथल्या लोकांना गंमत वाटायची. पण आमच्याकडे घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. शाळा हिंदी, बाजार हिंदी, बालाघाटला कॉलेजात गेले तर तिथं सगळंच हिंदी. माझी हिंदी माझ्या मराठीपेक्षा सरस होती, आणि ‘मले’, ‘तुले’ चुकून तोंडातून निसटलं की वर्गातली पोरं बाकाखाली डोकं घालून हसायची.

दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. अंगणातून वर यायला जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांच्यावर सदा शेवाळ. एका सकाळी शाळेच्या घाईत पाय सटकला आणि घोटा मोडला. प्लास्टर घालून घरी आणल्यावर मी मायला फोन केला. पण घरी भावाची बायको पहिलटकरीण, तिचे दिवस भरत आलेले.

“मी आता तिले टाकून येऊ तं कशी येऊ, बाई?” माय म्हणाली.

मागून बाबांचा आवाज आला. “मी जातो.”

“तुमी जाऊन का करान?”

“सयपाक करीन.”

बाबा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीतून नुकतेच निवृत्त झाले होते. मला आठवतं तसं त्यांनी घरात कधी चहाही केला नव्हता. पण लग्नाआधी चार मजुरांत खोली करून राहायचे, तेव्हाचं सगळं त्यांच्या हातात शिल्लक होतं. ते आले ते खांद्यावर चिन्नोर तांदळाचं पोतडं, पिशवीत लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी घेऊन. तुमसर, नागपूर, मग मुंबईकडची गाडी आणि शेवटी एसटी, एवढा प्रवास करून आलेला माणूस पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेला आणि भात टाकला.

ते माझं सगळं करायचे, पण दुपारनंतर त्यांना काही सुचायचं नाही. माझ्या प्लास्टरकडे बघत बसायचे. त्यांच्या बघण्यानं मलाच तो पाय जास्त दुखल्यासारखा वाटायचा. शेवटी मी म्हटलं, “बाबा, इथून सरळ खाली गेलं की नगरपालिकेची बाग आहे. समुद्र आहे. जरा फिरून या.”

गेले आणि लगेच परत आले.

“एवढ्यात आलात?”

“आत जायले तिकीट लागते का, ते समजलं नाई. दारावर कोणी नव्हतं. कोणाले विचारू?”

“तिकीट नाही लागत.”

“मंग कामाशिवाय नुसतं बसलं तं चालते?”

“बाग आहे ती, बाबा. बसायलाच असते.”

मला हसू आलं होतं. पण नंतर त्यावर विचार केला. तिरोडीत बाबांच्या वयाचा माणूस उघड्यावर एकटा नुसता बसला, तर येणारा-जाणारा थांबून विचारतो, बरं नाही का, घरी काही झालं का. बसायचं असेल तर ओट्यावर, स्टेशनावर किंवा पानठेल्यावर. आणि तेही कशाची तरी वाट बघत असल्यासारखं. नुसतं बसण्यासाठी सरकारनं बाक करून ठेवलेत आणि त्यावर बसलं की कोणी काही विचारत नाही, हे त्यांना नवीन होतं.

ती बाग तशी फार देखणी नव्हती. समुद्राच्या बाजूला जुन्या तटबंदीची पडकी भिंत, तिच्या कडेनं सुरूची झाडं, गंज चढलेल्या दोन तोफा. त्या तोफांवर पोरं घसरगुंडी खेळायची. मधोमध एक आठकोनी दगडी चौथरा, वर पत्र्याचं छप्पर. इंग्रजांच्या वेळी तिथं बँड वाजवायचे म्हणे. आता त्यावर म्हातारे बसायचे. भिंतीत एक छोटं दार होतं. त्यातून गेलं की थेट वाळू, आणि समोर पाण्यात किल्ला.

समुद्र मात्र बाबांना पहिल्यांदा आवडला नाही. मी कुबडी घेऊन चालायला लागले तेव्हा त्यांच्याबरोबर गेले होते. वाळूत उभे राहून ते बराच वेळ लांब बघत होते.

“याचा पल्याडचा काठ कोणता?”

“पलीकडे दिसेल असा काठ नाही, बाबा.”

“मंग पाहाचं काय?” ते म्हणाले. “वैनगंगेवर उभं राह्यलं तं समोरचं गाव दिसते. माणसं दिसते. इथं तं कोणीच नाई.”

पण बागेत माणसं होती. तिथं त्यांची ओळख झाली एका निवृत्त एसटी कंडक्टरशी. उंच, सडपातळ, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. हे गृहस्थ रोज संध्याकाळी चौथऱ्यावर आपल्या चार मित्रांसह बसायचे आणि नवा माणूस दिसला की तिकीट विचारावं तसे, कुठून आलात, म्हणून विचारायचे.

“बालाघाट,” बाबा म्हणाले.

“ते कुठं आलं?”

“मध्य प्रदेश. नागपूरच्या पल्याड.”

“म्हणजे नागपूरकर!”

बाबांनी समजावून पाहिलं की नागपूर महाराष्ट्रात आणि आम्ही हद्दीच्या पलीकडचे, पण उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून ते बागेत नागपूरकर झाले. घरी येऊन मला सांगताना ते तक्रार केल्यासारखं सांगत होते. पण त्यांना ते नाव आवडलं होतं. तिथं ते कोणाचे वडील नव्हते, खाणीतले जुने कामगार नव्हते, आमच्या मूळ गावाकडच्या, लांजीकडच्या अमक्या घरचे नव्हते. एवढ्या वयात त्यांना एक कोरं नाव मिळालं होतं.

एकदा भात वेळताना ते आपणहून म्हणाले, “आज तिथं दंडारीची गोष्ट निघाली.”

दंडार म्हणजे आमच्या भागातलं लोकनाट्य. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा रात्ररात्र चालतं. गाणी, सोंगं, नाच, आणि बायकांची कामं पुरुषच करतात. बाबा लग्नाआधी दंडारीत होते, हे मी कधीतरी काकांच्या तोंडून ओझरतं ऐकलं होतं. घरी त्याबद्दल कोणी बोलत नसे. मंडईच्या दिवसांत ढोलकीचा आवाज आला की माय उठून दार लावून घ्यायची. तेवढ्यावरून मी लहानपणीच समजून गेले होते की तिला ते आवडत नाही.

“तुम्ही काय करायचात दंडारीत?” मी विचारलं.

“बाईचं काम.” त्यांनी भाताचं पाणी काढून ताट झाकलं. “चांगलं करत होतो म्हणते लोकं. वारासिवनीकडची गावं पण बोलवत होती. मंग तुह्या मायची गोष्ट आली. तिच्या बापानं सांगतलं, नाच सोडशील तं पोरगी देतो. सोडला.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटाले वेळ कोठी होता. खाणीत लागलो, तुमी झाले.”

पुढे काही दिवसांनी मला ते प्रत्यक्ष दिसलं. कुबडी घेऊनच मी शाळा पुन्हा सुरू केली होती. संध्याकाळी परत येताना मी बागेतून जायची वाट धरली. चौथऱ्याभोवती गर्दी होती. फिरायला आलेल्या बायका थांबल्या होत्या, झोक्यावरची पोरं पळत आली होती, भेळवाला आपली टोपली घेऊन पुढे सरकला होता. आणि वर माझे बाबा होते. कंडक्टरकाकांचा खांद्यावरचा पंचा त्यांनी डोक्यावरून पदरासारखा घेतला होता, एक टोक दातांत धरलं होतं. पायांची चाल अगदी बारीक, घागर घेऊन ओल्या बांधावरून जाणाऱ्या बाईची. मग थांबून त्यांनी मान वळवली आणि मागून येणाऱ्या, तिथं नसलेल्याच कोणाला तरी असं काही झाडलं की सगळे खदखदून हसले. मग ते गायले. आवाज जुना झाला होता, वरच्या पट्टीत फाटत होता. पण फाटला तिथं ते थांबले नाहीत. हातानं ती ओळ पुरी केली.

मी तोफेशी उभी राहून बघत होते. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. शाळेतल्या मुली होत्या तिथं, त्यांच्या आया होत्या. पण लाज वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस आमच्या घरात इतकी वर्षं राहत होता आणि आम्हाला भेटलाच नव्हता.

माझं प्लास्टर निघालं. मी नीट चालायला लागले. इकडे भावाला मुलगा झाला, बारसं झालं. माय फोनवर विचारायची, “कवा येता?” आणि बाबा माझ्याकडे न बघता सांगायचे, “पाय अजून पक्का नाई झाला तिचा.” मी शेजारीच उभी असायची, चपला घालून, शाळेला निघालेली.

समुद्राशीही त्यांचं हळूहळू जमलं. ओहोटी लागली की ते आणि कंडक्टरकाका ओल्या वाळूवरून किल्ल्यापर्यंत चालत जायचे. भरतीच्या आधी परत. पायाला वाळू लागलेली तशीच घेऊन घरी यायचे आणि मी ओरडले की म्हणायचे, “असू दे, तेवढीच निशाणी.” एकदा त्यांनी मला विचारलं, “इथं एखादी मोठी खोली भेटंल का? तुह्या मायले आणलं तं?” त्यांनी ते मनात पक्कं केलेलं होतं, हे मला त्यांच्या विचारण्यातून कळलं.

नातू जरा मान धरू लागल्यावर माय आली. तिला घ्यायला बाबा स्टँडवर इतक्या लवकर जाऊन बसले की त्या गाडीआधीच्या सगळ्या गाड्या त्यांनी बघितल्या.

मायनं खरंच प्रयत्न केला, हे मला आज सांगायलाच हवं. पण ते गाव तिच्या अंगाला लागत नव्हतं. घाम सुकत नाही, साडी चिकटते, वाळत घातलेलं दमट राहतं. मासळीचा वास आला की ती नाकाला पदर लावायची आणि मग, कोणी बघितलं तर वाईट वाटेल म्हणून पटकन काढायची. शेजारच्या काकू प्रेमानं बोलायला आल्या, तर त्यांचं अर्धं बोलणं तिला कळेना आणि तिचं त्यांना. समुद्राच्या आवाजानं तिला झोप लागायची नाही. “हे पाणी थांबतच नाई का व?” ती मला विचारायची.

बाबा तिला रोज थोडं थोडं दाखवायचे. एक दिवस बाजार, एक दिवस किनारा. किनाऱ्यावर तिनं चपला काढल्या नाहीत. लाट जवळ आली की ती मागे सरायची आणि बाबा पुढे. बागेत नेलं तेव्हा मीही बरोबर होते. त्यांनी तिला चौथऱ्याजवळचा आपला बाक दाखवला. ती टोकाला बसली, परक्याच्या घरी बसावं तशी. कंडक्टरकाका उठून उभे राहिले, नमस्कार केला.

“वहिनी, फार दिवस वाट बघायला लावलीत,” ते म्हणाले. “आता तुम्ही आलात, तर आज खास व्हायला पाहिजे. काय नागपूरकर? होऊन जाऊ दे!”

बाकीचे म्हातारेही टाळ्या वाजवू लागले. दोन पोरं तर आधीच चौथऱ्यावर चढून बसली.

मायला काय चाललंय ते कळलं. कळल्याचं मला दिसलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, विचारलं त्यांनी डोळ्यांनी. आणि मायनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला, इतका की तिचं तोंड दिसेना.

बाबा उभेच होते. हसून म्हणाले, “आज नको. घसा बसला आहे.”

“नागपूरकर, घसा काल तर ठीक होता!”

“हवा लागली असंल.”

ते बसले. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलणं झालं. घरी येऊन जेवण झाल्यावर माय म्हणाली, “बारक्या पोराचं करणारं घरी कोणी नाई. सूनबाई एकटी आहे. मले जावं लागंल.”

“जाऊ,” बाबा म्हणाले.

“तुमाले राह्याचं असंल तं राहा. पोरीजवळ राहा.”

“तुह्याशिवाय इथं राहून काय करू?”

यात रागाचा शब्द नव्हता. दोघंही एकमेकांना मोकळं करत होते आणि त्यातून दोघंही जास्त बांधले जात होते. मी भांडी घासत ऐकत होते. बाबांना थांबवावं असं मला फार वाटलं. पण थांबवायचं तर मायला दुखवायचं, आणि मायला दुखवून बाबा थांबले नसते. ते दोघं गेले. स्टँडवर कंडक्टरकाका आले होते. त्यांनी जुन्या सवयीनं ड्रायव्हरला सांगून दोघांना पुढची सीट मिळवून दिली.

तिरोडीला गेल्यावर बाबांनी समुद्राचं नाव काढलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, “चांगलं आहे, दमट आहे.” ओट्यावर बसायचे. नातवाला खेळवायचे. तक्रार नाही, चिडचिड नाही. मला वाटतं तेच मायला जास्त जड गेलं. फोनवर ती मला कधीतरी सांगायची, “तुह्या बापाचं मन नाई लागून राह्यलं,” आणि मी काही बोलायच्या आत दुसरा विषय काढायची. कंडक्टरकाकांचे फोन सुरुवातीला यायचे. बाबा उठून अंगणात जाऊन बोलायचे. मग दोघांनाही कमी ऐकू येऊ लागलं आणि फोन विरळ होत गेले.

मला बालाघाटच्या एका शाळेत नोकरी मिळाली आणि मी ते गाव सोडलं. शेवटच्या दिवशी बाबांसाठी काय न्यावं ते मला कळेना. काजू नेले. त्यांनी ते सगळ्यांना वाटून टाकले.

बाबा गेले ते थोडक्या आजारानं. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नेलं, दोन दिवस बरे वाटले आणि गेले. सगळं आवरल्यावर मी मायला बालाघाटला माझ्याकडे आणलं. ती चालती-बोलती होती, कामं करायची, मोती तलावाच्या बाजूला शेजारणींबरोबर फिरायलाही जायची. आणि एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “मले तुह्या बापाचा बगीचा दाखव.”

“कोणता?”

“समुद्राचा. हौ, तोच. मी पाह्यला नाई नीट.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला घेऊन गेले.

बाग ओळखू येईना. सुरूची अर्धी झाडं नव्हती. सगळीकडे रंगीत फरशी, व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं, तोफांना चकचकीत काळा रंग आणि भोवती साखळी. दारावर आता खिडकी होती आणि तिकीट होतं. आणि मधोमध चौथरा नव्हता. त्याच्या जागी गावाचं नाव मोठ्या लाल अक्षरांत उभं केलेलं, रात्री पेटणाऱ्या दिव्यांचं. त्या अक्षरांशी पोरंपोरी एकमेकांचे फोटो काढत होती. तेवढंच बघायला इतक्या लांबून मायला आणलं, याचं मला फार वाईट वाटलं.

“इथंच होता ना?” मायनं विचारलं.

“इथंच होता.”

ती त्या अक्षरांकडे बघत राहिली.

कंडक्टरकाकांचा पत्ता मला आठवत होता, पण घरी जावं लागलं नाही. ते भिंतीकडच्या एका बाकावर बसले होते, काठी घेऊन, एकटेच. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मायला मात्र लगेच ओळखलं. बाबा गेल्याचं त्यांना फोनवर कळवलं होतं. तरी ते पुन्हा विचारत राहिले, कसे गेले, त्रास झाला का. माय उत्तरं देत होती, मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगत होते.

“मी नगरपालिकेत जाऊन सांगितलं, चौथरा ठेवा,” ते म्हणाले. “म्हणाले, कामाचा नाही. आता काय सांगायचं त्यांना! आमचे तिघे गेले, चौथा मुलीकडे राहायला गेला. मीच राहिलोय.” मग त्यांचा चेहरा जरा उजळला. “वहिनी, नागपूरकरांनी आम्हाला शिकवलं होतं हं. ती बाईची चाल. माझे गुडघे आता नाहीत तसे, पण बघा.”

आणि तो म्हातारा माणूस काठी बाकाला टेकवून उठला. एका हातानं भिंतीचा आधार घेऊन त्यानं चार पावलं टाकून दाखवली, दुसरा हात डोक्यावर, घागर धरल्यासारखा. चालताना ते डुलत होते, पडतील की काय असं वाटत होतं. मी पुढे सरकले.

“नाई नाई,” माय म्हणाली. “तसं नाई.”

मी वळून बघितलं.

“पाऊल आंधी बाजूले टाकाचं, मंग म्होरं. पाणी सांडू नाई म्हणून.” ती उठली नव्हती, बसल्या जागी तिनं पाय हलवून दाखवला. “अन् थांबून मान कराची. चालता चालता नाई.”

“माय, तुला कसं माहीत?” मी विचारलं.

कंडक्टरकाकांना ऐकू आलं नव्हतं. ते परत बसून दम घेत होते.

“आमच्या गावच्या मंडईत लांजीकडची दंडार आली होती,” ती म्हणाली. “मी लगनाची होती. बायका सगळ्या बैलबंडीवर चढून पाहात होत्या. तुह्या बापानं घागरीवाल्या बाईचं काम केलं. मी त्या रातीपासून... आमच्या आत्यानं मंग त्यायच्या घरी गोष्ट काढली. मीच सांगतलं होतं आत्याले.”

“आणि आजोबांनी अट घातली.”

“हौ. मले कोणी विचारलं नाई. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होती बापाले? मले तो नाचावाला पाह्यजे म्हणून?”

“बाबांना माहीत होतं? तू त्यांना पाहिलं होतंस ते?”

तिनं मान हलवली. नाही.

“कधीच नाही सांगितलं?”

“पहिल्यांदा लाजच वाटे. मंग वाटलं, त्यायनं सोडलं आहे ते मह्यासाठी, अन् आता मी कायले बोलून काढू? त्यायले दुखंल. ढोलकी वाजली तं मी दार लावून घेत होती. त्यायच्या कानावर पडू नाई म्हणून.”

मी विचारलं, कारण न विचारता राहवलं नाही, “पण त्या दिवशी, इथं? त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू पदर ओढलास.”

“मले रडू आलं, बाई,” माय म्हणाली. “इतकी वर्सं झाल्यावर हे माणूस करणार म्हणते अन् मी पाहाणार. इतक्या लोकायच्या म्होरं मी रडू का? म्हणून तोंड झाकलं. मले वाटलं, आता सुरू करतीन. मी पदराआडून पाहातच होती. अन् ते म्हणाले, घसा बसला.”

“तू घरी आल्यावर तरी...”

“मले वाटलं, त्यायलेच मह्या म्होरं कराचं नाई. लोकायच्या म्होरं करते, मह्या म्होरं नाई. मले राग आला थोडा. म्हणून जातो म्हणाली.”

कंडक्टरकाका विचारत होते, काय म्हणतात वहिनी. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि एवढंच सांगितलं, “त्या म्हणतात, तुम्ही चाल चांगली शिकलात.” ते खूश झाले.

मग माय म्हणाली, वाळूत जाऊ. भिंतीतलं छोटं दार बंद केलं होतं, लांबून वळसा घालून जावं लागलं. ओहोटी होती. किल्ल्यापर्यंत वाळू उघडी पडली होती, लोक चालत जात होते. माय थोडं अंतर गेली आणि थांबली. तिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. मी तिच्या दंडाला धरून उभी होते.

“सांगाले पाह्यजे होतं ना?” ती म्हणाली.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आजही ठाऊक नाही. मी त्या दोघांच्या मध्ये वाढले, दोघांच्याही तोंडाकडे बघत वाढले, आणि मला जे वाटत होतं ते खऱ्याच्या अगदी उलटं होतं. इतकंच मला त्या वेळी कळत होतं. पाणी परत यायला लागलं तेव्हा आम्ही रस्त्याकडे वळलो.

आता कंडक्टरकाकांचा फोन येतो तो मायच्या नावानं. मी स्पीकर लावून देते. ते त्यांच्या बोलीत बोलतात, माय तिच्या. दोघांनाही नीट ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं त्यातलं सगळं कळत नाही. ते गावातली बातमी सांगतात, कोणाचं मंगल कार्यालय झालं, बागेत आता काय नवीन बसवलं. माय त्यांना भाताची सांगते, पाऊस बरा झाला की नाही ते सांगते. शेवटी ती दर वेळी म्हणते, “दिवाळी झाल्यावर या. मंडईले या. इकडं दंडार पाहा.”

“येतो वहिनी, गुडघे ठीक झाले की येतो,” ते म्हणतात. “तुम्हीच या इकडे, थंडीत. हवा छान असते.”

“हौ, येतो,” माय म्हणते.

ते येणार नाहीत आणि आम्हीही आता तेवढ्या लांब जाणार नाही. फोन ठेवून माय विचारते, “येतो म्हणाले ना?” मी म्हणते, हो, म्हणाले.